आठवड्याचं राशिभविष्य वही घेऊन कसं वाचावं

रविवारची पुरवणी हातात आली की अनेक घरांत ती आधी राशिभविष्याच्या पानावर उघडते. आपली रास वाचून होते, मग घरच्यांची, लेकरांची, आणि चहा संपेपर्यंत सगळं विसरूनही जातं. तेच पान वीस मिनिटं वही घेऊन वाचलं तर गेल्या आठवड्यात आपण काय केलं, काय टाळलं, कुणाशी बोलायचं राहिलं याचा हिशेब लागतो. त्यासाठी शंभर पानी वही, पेन, एकच सदर आणि एक ठरलेला वार पुरतो. गावच्या आठवडी बाजाराच्या आदली संध्याकाळ चांगली. दुसऱ्या दिवशीचा खर्च, मोंढ्यातली कामं, देणं-घेणं तेव्हा डोक्यात असतंच.

सुरुवात रास पक्की करण्यापासून. मराठी वर्तमानपत्रातलं भविष्य सहसा चंद्रराशीवरून लिहिलेलं असतं, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती रास. इंग्रजीतून आलेली सदरं आणि मोबाइलवरची बरीच ॲप सूर्यरास धरतात. त्यात आणखी एक फरक आहे. पाश्चात्त्य पद्धतीत सूर्य 21 मार्चच्या सुमारास मेषेत जातो, आपल्या पंचांगात 14 एप्रिलच्या सुमारास. म्हणून 5 एप्रिलला जन्मलेला माणूस तिकडे मेषेचा, आपल्या पंचांगाप्रमाणे त्याचा सूर्य मीनेत, आणि चंद्र बारांपैकी कुठेही असू शकतो. ॲप आणि पेपर जुळत नाहीत ते यामुळे. दोन्ही एकत्र वाचू नका.

जन्मतारीख हीच मोठी अडचण आहे. शाळेत नाव घालताना लावलेली 1 जून ही तारीख आपल्याकडे घरोघरी सापडते आणि राशीसाठी ती कामाची नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सण विचारा. समजा आजीने सांगितलं, ‘बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या दिवशी झाला.’ पोळा म्हणजे श्रावण अमावस्या. अमावस्येला चंद्र सूर्याजवळ असतो आणि त्या वेळी सूर्य सिंहेत असतो, म्हणून रास बहुधा सिंह. जुन्या पंचांगात त्या दिवशीची चंद्ररास पाहून खात्री करता येते. जन्मवेळ माहीत नसली तरी फार बिघडत नाही. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो, त्यामुळे ज्या दिवशी तो रास बदलतो त्याच दिवशी वेळेचा प्रश्न येतो. काहीच सापडलं नाही तर नावरास धरा, पण हाक मारायचं नाव आणि पाळण्यातलं नाव पुष्कळदा वेगळं असतं, ते विचारून घ्या. नक्षत्राच्या चरणाचं अक्षर (अश्विनीला चू, चे, चो, ला, असं) पाळण्यातल्या नावाला लावलेलं असतं. एकदा धरलेली रास निदान तीन महिने बदलू नका.

आता बसायची रीत. पेपर घडी घालून बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या गेल्या आठवड्याबद्दल चार ओळी लिहा: झालेली कामं, अडलेलं काम, एक भांडण किंवा अबोला, झालेला खर्च. हा क्रम उलटा झाला की सगळी मेहनत वाया जाते. भविष्यात ‘मतभेद संभवतात’ असं आधी वाचलं तर सातही दिवसांतून मन मतभेदच वेचून काढतं आणि बाकीचं आठवत नाही. चार ओळी झाल्यावरच पान उघडा आणि आपली रास एकदा, सावकाश वाचा.

भविष्यातली वाक्यं तीन तऱ्हेची असतात. ‘सावध राहा’, ‘टाळा’, ‘बोलून घ्या’ हा सल्ला. ‘धनलाभ होईल’, ‘प्रवासाचे योग’ हे भाकीत. ‘मन अस्वस्थ राहील’, ‘उत्साह वाढेल’ हे मनाचं वर्णन. भाकीत सरळ सोडून द्या, त्यातून विचार करण्यासारखं काही हाती येत नाही. सल्ला आणि मनाचं वर्णन यांतून एक-एक वाक्य निवडा आणि त्याचा स्वतःला विचारलेला प्रश्न करा. ‘आर्थिक व्यवहारात सावध राहा’ याचा प्रश्न: मी कुणाला हातउसने दिले, किती दिले, आणि ते कुठे लिहून ठेवलेत का? ‘वरिष्ठांशी मतभेद’ याचा: साहेबांशी किंवा वडिलांशी कोणतं बोलणं मी पुढे ढकलतोय? ‘प्रकृतीकडे लक्ष द्या’ याचा: बीपीची गोळी या आठवड्यात किती दिवस चुकली?

उत्तरात नाव, आकडा किंवा तारीख आलीच पाहिजे. ‘पैशाकडे लक्ष द्यायला हवं’ हे उत्तर नव्हे. ‘आडत्याकडून सोयाबीनची पट्टी आणायची राहिली, गुरुवारी आणतो’ हे उत्तर. आकडा येत नसेल तर प्रश्न अजून मोघम आहे असं समजा आणि तो पुन्हा लिहा. दोन प्रश्न, दोन उत्तरं आणि पुढच्या सात दिवसांत करायचं एकच काम, एवढ्यात पान संपवा. जास्त लिहिणाऱ्यांची वही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद पडते.

बहुतेकांचं बिघडतं ते एकाहून जास्त सदरं वाचल्यामुळे. तीन पेपरांतलं मनाजोगं वाक्य उचललं की आपण स्वतःलाच गोंजारत बसतो. रोजचं भविष्य वाचू नका, कारण एका दिवसात तपासण्यासारखं काही घडलेलं नसतं. आठवड्याची मोजणी मात्र चांगली बसते. सात दिवसांत शनी जेमतेम पाव अंश सरकतो, सूर्य सुमारे सात अंश, आणि चंद्र मात्र तीन राशी ओलांडून जातो. त्यामुळे शनी-गुरूबद्दलची वाक्यं दर रविवारी तीच दिसली तर त्यांवर नवा प्रश्न काढायची गरज नाही.

‘तंतोतंत माझंच लिहिलंय’ असं वाटायला लागलं की एक परीक्षा घ्या. मागच्या आठवड्याच्या पानातल्या बाराही राशींच्या पट्ट्या कापा, राशींची नावं काढून टाका, पाठीमागे खूण करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी त्या मिसळायला सांगा. आता तुमच्या आठवड्याला सर्वांत जुळणारी पट्टी निवडा. नुसत्या योगायोगाने आपली पट्टी बारांत एकदा लागते. पाच-सहा आठवडे करून पाहा. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचं स्वभाववर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला होता आणि त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. पूर्ण पत्रिकेचीही परीक्षा आपल्याकडे झालेली आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या. उत्तरं पाठवणाऱ्या 27 जणांची अचूकता सरासरी 46 टक्के आली, नाणं उडवूनही निम्मी बरोबर येतात. म्हणून या पानातून प्रश्न घ्यावेत, निर्णय घेऊ नयेत.

पेरणी, कर्ज, ऑपरेशन, सोयरीक या चार गोष्टींना हे पान लावू नका. सोयाबीन पेरायचं तर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला का ते बघायचं, ‘शुभ आठवडा’ बघून ओल येत नाही. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात, तुमच्या चंद्रराशीशी त्यांचा संबंध नाही.

साडेसातीचा उल्लेख दिसला की पुष्कळांची झोप उडते आणि शांतीसाठी व्याजाने पैसे उचलले जातात. हिशेब असा आहे. शनी तुमच्या राशीच्या आधीच्या, तुमच्या आणि पुढच्या राशीत प्रत्येकी अडीच वर्षं असतो, म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. गावातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याची साडेसाती आत्ता चालू आहे आणि त्यातली कितीतरी माणसं मजेत आहेत. तरीही वाचून धडधड होत असेल तर महिनाभर हे सदर बंद ठेवा आणि नुसत्या चार ओळी लिहा.

चंद्र 27 दिवस आणि काही तासांत आपली फेरी पुरी करतो, म्हणून दर चार आठवड्यांनी वही मागे चाळा. त्या दिवशी भविष्य वाचू नका, फक्त स्वतःची उत्तरं वाचा. ज्या माणसाचं नाव, जे देणं किंवा जे दुखणं तीनदा आलंय त्याला लाल पेनाने खूण करा. ठरवलेल्या चार कामांपैकी किती झाली तो आकडा पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. पुढच्या बैठकीतला पहिला प्रश्न त्या लाल खुणेवरून काढायचा, पुरवणी त्यानंतर उघडायची.