नाशकात नवीन आलात आणि वाचायची-लिहायची आवड आहे? इथून सुरुवात करा

सगळ्यात आधी सावानाचं सभासदत्व घ्या. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. जाताना आधार कार्ड आणि फोटो जवळ ठेवा, अनामत आणि वर्गणी किती ते काउंटरवरच विचारा. आणि नुसतं पुस्तक घेऊन घरी पळू नका हो, नोटीस बोर्ड वाचा, कारण व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं सगळं तिथेच कळतं आणि बहुतेक ठिकाणी कुणीही जाऊन बसू शकतं.

मग गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक. तिथल्या कार्यक्रमांना जायचं, मागे बसायचं, संपल्यावर लगेच निघायचं नाही, चार लोकांशी बोलायचं, मला स्वतःला कविता वाचून दाखवायला माणसं अशीच मिळाली आणि लिहिणाऱ्याला ऐकणारं माणूस मिळणं यापेक्षा मोठी मदत नाही असं मला मनापासून वाटतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचाच 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम आहे. सोसायटीत वाचणारी घरं असतील तर ग्रुप करून पुस्तकांची पेटीच मागवा, सगळ्यांनी वाचली की ती बदलून दुसरी घ्यायची. आमच्यासारख्या लांब राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर हे सोनंच आहे!

२७ फेब्रुवारी, तात्यासाहेबांचा म्हणजे कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मोकळा ठेवा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळी जरा लवकर जा आणि पाण्याची बाटली न्या.

लिहीत असाल तर वही सोबत असू द्या.