पहिलं आरसी विमान घेताय? आधी पंख बघा, रंग नंतर

थंडी पडायला लागली की बडोद्यात कोणी ना कोणी विचारतंच, की मुलाला रिमोटचं विमान घ्यायचंय, कुठलं घेऊ. (मुलाला म्हणजे बऱ्याचदा स्वतःलाच, पण असो.) आणि विचारताना फोनवर फोटो तयार असतो, बहुतेक वेळा फायटरचा, राफेल नाहीतर सुखोई नाहीतर दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग. दिसायला भारीच असतात, वाद नाही. पण पहिलं विमान निवडताना माझ्या मते दोनच गोष्टी बघायच्या, ते किती हळू उडू शकतं आणि पडलं तर घरच्या घरी किती पटकन जोडता येतं. पडणार तर आहेच, ते धरूनच चला. बाकी रंग, स्टिकर, लायटी वगैरे दुसऱ्या विमानासाठी ठेवा.

हळू उडणं म्हणजे काय ते दुकानदार सांगत नाही, बॉक्सवरही लिहिलेलं नसतं, पण दोन मिनिटांत काढता येतं. विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, याला विंग लोडिंग म्हणतात. समजा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२० सेंमी आणि रुंदी २० सेंमी, तर डेसिमीटरमध्ये १२ गुणिले २ म्हणजे २४. बॅटरी धरून वजन ८०० ग्रॅम असेल तर ८०० भागिले २४, साधारण ३३ आलं. पहिल्या विमानाला हा आकडा चाळीसच्या आत पाहिजे, तिशीच्या आसपास असेल तर फारच छान. आता तेच ते फोटोतलं मस्टँग घ्या, पंख १ मीटर, सरासरी रुंदी १६ सेंमी, वजन ९५० ग्रॅम, आकडा येतो ५९. आकडा जितका मोठा तितकं हवेत टिकायला विमानाला जोरात पळावं लागतं, इथे हिशेबाने साधारण एक तृतीयांश जास्त वेग लागतो, आणि नवीन माणसाला डोकं चालवायला जो सेकंद हवा असतो तोच नेमका मिळत नाही. वजन बघताना बॅटरीसकटचं बघा हं, काही ठिकाणी बॅटरी सोडून वजन टाकतात.

मग पंख कुठे बसवलाय ते बघा. बॉडीच्या वर पाहिजे, हाय विंग. समोरून बघितलं तर दोन्ही टोकं जरा वर उचललेली पाहिजेत, याला डायहेड्रल म्हणतात आणि नवशिक्याचं अर्धं काम हेच करतं. होतं काय, वाऱ्याने विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला थोडं घसरतं, घसरताना खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त कोनात लागते, त्याला लिफ्ट (वर उचलणारा जोर) जास्त मिळते आणि तो आपोआप वर येतो. म्हणजे घाबरून तुम्ही रिमोटची स्टिक सोडलीत तरी, उंची असेल तर, विमान बऱ्यापैकी सरळ होतं. आजच्या जेट फायटरमध्ये हा आपोआप सरळ व्हायचा गुण मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्याला झटकन वळायचं असतं.

आणि हाय विंग म्हणजे काय लहान मुलांचं असं नाही बरं का. आपल्या बडोद्यातच टाटा-एअरबसचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं, त्या विमानाचा फोटो बघा, पंख बॉडीच्या वरच आहेत. तिथे कारण वेगळं, माल चढवायला बॉडी जमिनीलगत हवी आणि कच्च्या धावपट्टीवरचे खडे पंख्यांपासून लांब राहिले पाहिजेत. पण ढेकळांच्या शेतात उतरवणाऱ्या आपल्यालाही त्याचा फायदा होतोच.

आता चॅनल, म्हणजे रिमोटवरून किती गोष्टी वेगवेगळ्या चालवता येतात ते. २ चॅनलची थर्माकोलची खेळणी मिळतात, दोन छोट्या मोटरी, एक जोरात एक हळू फिरवून वळतं. एलिव्हेटर नसतो म्हणजे नाक वर-खाली करणं तुमच्या हातात नाही. मजा म्हणून मुलाला द्या, पण त्यावर उडवायला शिकता येत नाही. ३ चॅनल म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर आणि रडर (शेपटीवरची डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी). ४ चॅनलमध्ये पंखावर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पट्ट्या) पण येतात. शेजारी उभं राहून शिकवणारं कोणी असेल तर डायरेक्ट ४ घ्या, एकटेच शिकणार असाल तर ३ चॅनल आणि भरपूर डायहेड्रल. त्यात एक छोटी गोष्ट करा, ३ चॅनलच्या विमानात रडरचा सर्वो (ती पट्टी हलवणारी छोटी मोटर) रिसीव्हरच्या (विमानातला, रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) १ नंबरला, म्हणजे एलेरॉनच्या जागी लावा. मग वळवायचं काम उजव्या हाताच्या स्टिकवर येतं आणि पुढे ४ चॅनलवर गेलात की बोटांना नव्याने काही शिकवावं लागत नाही.

मटेरियल नीट बघा कारण पडल्यावरचा सगळा खेळ इथेच आहे. बाल्सा लाकडाचं विमान सुंदर दिसतं आणि हलकं असतं, पण पहिल्याच आपटीत काड्या होतात, नंतर घ्या. साधा पांढरा थर्माकोल ठिसूळ, शिवाय त्याला फेविक्विक लावलंत तर तो विरघळून खड्डा पडतो. तुम्हाला पाहिजे ईपीओ फोम, चांगली ट्रेनर, म्हणजे शिकायची, विमानं बहुतेक त्याचीच असतात. ईपीओचं नाक चेपलं तर उकळत्या पाण्याचा उपाय करा, सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा माल काढून ठेवायचा, चहाच्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि चेपलेला भाग चिमट्याने धरून काही सेकंद बुडवायचा किंवा पळीने वरून पाणी सोडायचं, सुरकुतलेले दाणे डोळ्यांसमोर परत फुगतात. आधीइतकं गुळगुळीत होत नाही, पण आकार येतो. तुटलंच तर हॉट ग्लू गन, आणि सांध्याच्या आत बांबूची काडी नाहीतर कार्बन रॉड. ईपीपी फोम अजून चिवट, बॉलसारखं उसळतं, पण थोडं लिबलिबीत असतं. स्वतः बनवायची हौस असेल तर सनबोर्ड किंवा निवडणुकीच्या बोर्डांची ती नळीनळीची सनपॅक शीट पण चालते, फक्त सनपॅक जड पडते, वरचा भागाकार करून बघा मग ठरवा.

मोटर पुढे की मागे? मागे असलेलं, म्हणजे पुशर, पहिल्यासाठी मला जास्त आवडतं. नाकावर पडलं तरी प्रॉप (मोटरवरचा पंखा) आणि मोटरचा शाफ्ट वाचतो, नुसता फोम चेपतो, त्याला पातेलं आहेच. हॉबीझोनचं एरोस्काउट किंवा हॉबीकिंगचं बिक्सलर याच जातीतली. फक्त हाताने सोडताना लक्ष ठेवा, प्रॉप तुमच्या हाताच्या मागेच असतो, विमान हातातून पूर्ण सुटल्याशिवाय थ्रॉटल देऊ नका. आणि चाकांसाठी जास्त पैसे घालू नका, शेतात छोटी चाकं अडकून विमान पालथंच होतं, पोटावर उतरवायची सवय करा.

खरेदी करताना आरटीएफ, बीएनएफ, पीएनपी असली अक्षरं दिसतील. आरटीएफ म्हणजे सगळं आत, रिमोट, बॅटरी, चार्जर. बीएनएफमध्ये रिमोट नसतो, रिसीव्हर असतो पण तो एकाच कंपनीच्या रिमोटशी जुळतो, नीट वाचा. पीएनपीमध्ये मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो बसवलेले, रिसीव्हर आणि बॅटरी तुमची. माझं मत पीएनपी आणि वेगळा रिमोट, कारण विमान फुटेल पण रिमोट पुढची दहा विमानं चालेल. बाहेरून अख्खं विमान मागवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका, फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि तुमचा खोका त्यात अडकला तर कस्टमवाल्याला विमान आणि ड्रोनमधला फरक समजावत बसावं लागेल. सुट्या पार्ट्सचं तसं नाही. म्हणून आधी विचारायचं ते हे, की याच विमानाचा नुसता पंख, नुसती शेपटी मिळते का. मिळत नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

रिमोट ६ चॅनल, २.४ गिगाहर्ट्झ, मोड २ म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. फ्लायस्काय एफएस-आय६ हा नवशिक्यांचा नेहमीचा, पाचेक हजारांच्या आसपास येतो आणि यूएसबी केबल लावून कॉम्प्युटरवर सिम्युलेटरला पण चालतो. विमान घ्यायच्या आधी रिमोट घ्या! पिकासिम फुकट आहे, रोज रात्री थोडा वेळ उडवा, खास करून विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं ते. तेव्हा एकच लक्षात ठेवायचं, जो पंख खाली गेलाय त्या बाजूला स्टिक, जणू खालून टेकू देताय. रिसीव्हर रिमोटशी जोडल्यावर (बाइंड केल्यावर) फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर काय करायचं ते, लावा आणि जमिनीवर तपासा, प्रॉप काढून, रिमोट बंद केला की थ्रॉटल शून्यावर गेला पाहिजे.

जायरो असलेली विमानं येतात, स्वतःच सरळ होणारी, लोक विचारतात घेऊ का. घ्या, पण स्विचने बंद करता येणारा घ्या. कायम जायरोवर उडवलंत तर तुम्ही त्याला नुसतं सांगताय, उडवतोय तो.

स्वतः पार्ट्स जमवत असाल तर ८०० ग्रॅमच्या विमानाला ए२२१२ १००० केव्हीची मोटर (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाच्या फेऱ्या, किलोव्होल्ट नाही), ३० अँपिअरचा ईएससी, १० बाय ४.५ इंचाचा प्रॉप, ९ ग्रॅमचे सर्वो आणि ३ सेल २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी एवढं पुरे होतं. लिपोचं मात्र गंभीरपणे घ्या. बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) पाहिजेच, २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरवर चार्ज करायची, समोर बसून, गादीवर नाही. भरली की सेलला ४.२ व्होल्ट, ३.५ च्या आसपास आलं की उतरवायचं, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवायची. बडोद्याच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत लिपो ठेवू नका, बंद गाडीत तर नाहीच. फुगली की संपली, तिला परत चार्ज करून बघायचा मोह नको.

कुठे उडवायचं हे विमान घ्यायच्या आधी ठरवा, कारण जागा छोटी असेल तर विमान पण छोटं आणि अजून हळू लागेल. सोसायटीचं ग्राउंड नको, कमाटीबाग तर विचारूच नका. शहराबाहेर, वाघोडिया नाहीतर पादरा रोडने पुढे, पीक निघालेलं मोकळं शेत, वर तारा नाहीत, मालकाला विचारून. पण त्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा, कुठे उडवता येतं ते रंगांच्या झोनमध्ये दाखवणारा सरकारी ऑनलाइन नकाशा. ड्रोन नियम २०२१ मध्ये रिमोटवर उडणारं विमान पण येतं, ग्रीन झोनमध्ये जास्तीत जास्त ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, आणि इकडे हरणीचं विमानतळ, तिकडे मकरपुऱ्याचं एअरफोर्स, त्यामुळे घराजवळचं मैदान चालेलच असं नाही. २ किलोपर्यंतचं विमान नुसतं हौसेखातर उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण झोन सगळ्यांनाच लागू.

वाऱ्याचं बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, फक्त उलटं वाचा. ज्या वाऱ्यात पतंग हातातून सुटल्या सुटल्या चढतो तो वारा नवशिक्याच्या विमानाला नको. ज्या सकाळी गच्चीवर फिरकी घेऊन बसलेला माणूस कंटाळून खाली जातो, ती आपली. थंडीत सूर्य उगवल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत बहुतेक असंच शांत असतं, मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा धरला की ट्रेनर विमानं जागेवरच उभी राहतात. आणि उत्तरायणला (संक्रांतीला, पतंगांच्या दिवशी) आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला विमान बाहेर काढूच नका. त्यानंतरही काही आठवडे झाडांवर, तारांवर दोऱ्या लोंबत असतात, शेतात पण पडलेल्या असतात, प्रॉपमध्ये दोरी गुंडाळली की मोटर अडकते आणि थ्रॉटल चालू राहिला तर ईएससी जळतो. उतरवायच्या जागेवर आधी एक चक्कर मारून दोऱ्या उचला.

विमान घरी आलं की पंखाखाली दोन बोटं लावून तोल बघा, बॅटरी आत ठेवून. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तीस टक्क्यांवर, म्हणजे २० सेंमी रुंदीला ५ ते ६ सेंमीवर विमान सपाट राहिलं पाहिजे. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. शेपटी खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, जागा संपली तर नाकात वजन, पण शेपटी जड ठेवून सोडू नका, तसं विमान हातात राहतच नाही. एलिव्हेटर, रडर योग्य बाजूला हलतात का ते विमानाच्या मागे उभं राहून बघा. आणि बिल करतानाच जास्तीचे चार-पाच प्रॉप, एक सर्वो आणि एक सर्वो हॉर्नचं (सर्वोवरच्या छोट्या दांड्यांचं) पाकीट टाकून घ्या, कारण नंतर त्या पन्नास रुपयांच्या प्रॉपसाठी कुरियरचे शंभर लागतात आणि अख्खा रविवार जातो तो वेगळाच.