सर्व्हरवर लिनक्स कुठलं, हे आधी बघा

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटर भरपूर, त्यामुळे कोर्स संपवून सपोर्टच्या शिफ्टला लागणारी मुलंही भरपूर. ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून येणाऱ्या या मुलांच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा उबुंटू या लिनक्सची सगळ्यात ताजी आवृत्ती असते. घरी शिकायला ती उत्तमच. सर्व्हरच्या बाबतीत मात्र मी पहिल्यांदा विचारतो ते एवढंच, की हिला अपडेट कधीपर्यंत मिळणार?

उबुंटूचं गणित सोपं आहे. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरला नवी आवृत्ती निघते. सम वर्षातल्या एप्रिलची ती एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी), तिला पाच वर्षं अपडेट. (पहिली एलटीएस २००६ साली रखडली आणि जूनमध्ये आली, म्हणून तिचा नंबर ६.०६.) बाकीच्यांना जेमतेम नऊ महिने. २४.१० टाकून विसरलात, तर २०२५ च्या जुलैपासून त्या मशीनला कोणी वाली नाही. कुबुंटू, झुबुंटू वगैरेंत आतला गाभा तोच, फक्त डेस्कटॉप वेगळा. सर्व्हरच्या कामात त्यांचा संबंध येत नाही.

रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स घराण्यात नवी मुलं जास्त गोंधळतात. नव्या गोष्टी आधी फेडोरात येतात, मग सेंटओएस स्ट्रीममध्ये, आणि शेवटी रेड हॅट एंटरप्राइझ या कंपनीच्या मुख्य लिनक्समध्ये. जुनं सेंटओएस, म्हणजे रेड हॅट एंटरप्राइझची फुकट नक्कल, तिच्या मागून चालायचं, स्ट्रीम पुढे चालतं. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंतचा वायदा होता, तो २०२१ च्या अखेरीस आटोपला. तिथून लोक रॉकी आणि अल्मालिनक्स या तशाच फुकट नकलांकडे वळले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण कोर्समध्ये ती क्वचितच सांगतात. रेड हॅट एंटरप्राइझ ९ वर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) नंबर ५.१४ दिसतो. ते कर्नल मूळचं २०२१ चं, त्यामुळे नवा माणूस लगेच ‘जुनं आहे, अपग्रेड करू’ म्हणतो. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या रेड हॅट त्याच ५.१४ मध्ये मागून भरत राहते. मूळ नंबर हलत नाही, त्याच्या शेपटीचे आकडे वाढतात. सुरक्षेच्या त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरचा रिपोर्ट नुसता मूळ नंबर बघून लाल झाला, तर घाबरून तिकीट (तक्रारीची नोंद) वरच्या टीमकडे ढकलू नका. आधी त्या पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडून दुरुस्ती आली आहे का बघा.

नव्या मशीनवर लॉगिन झालं की ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाईल वाचा. नाव, आवृत्ती, कोणाच्या घराण्यातली, सगळं तिथे असतं. रॉकी ९ मध्ये तर सपोर्ट संपायची तारीखही लिहिलेली आहे, ३१ मे २०३२. ती तारीख हँडओव्हरच्या शीटमध्ये सर्व्हरच्या नावापुढे टाकून ठेवा. रात्रपाळीवाला दुवा देईल.