कॅज्युअल्टीतला गंभीर अपघातग्रस्त: सलाईनआधी रक्तस्राव थांबवा

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हायवेवरचा जखमी आला की पहिली धावपळ सलाईन लावण्याची होते. खरं तर पहिले दोन हात रक्त वाहतंय त्या जागेवर हवेत. मोठा स्रावच नसेल तर सुरुवात अर्थातच श्वासमार्गापासून.

१०८ चा फोन आला की रुग्ण पोचण्याआधीच कामं वाटून घ्या. एक डॉक्टर फक्त पाहील आणि सूचना देईल. त्यानेच हातमोजे घालून जखम धरली, तर बाकीच्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. सक्शन चालू करून बघा. चेस्ट ड्रेनचा (छातीत नळी टाकण्याचा) ट्रे, १६ गेजचे करड्या रंगाचे कॅन्युला आणि घडी केलेली चादर जवळ ठेवा. रक्तपेढीला आताच कळवा.

हातापायाची जखम जोराने वाहत असेल तर गॉज जखमेत खोलवर भरून सलग दाबून धरा. वरवर पट्ट्यांचे थर चढवले की रक्त आतल्या आत वाहत राहतं. दाबून थांबलं नाही तर जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा) बांधा, सांध्यावर नको, आणि बांधल्याची वेळ ठळक लिहा. सैल टूर्निके घातक: शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते, स्राव वाढतो. बाहेर रक्त दिसत नसताना रुग्ण फिकट पडत असेल, तर ते छातीत, पोटात, कटिभागात (पेल्व्हिसमध्ये) किंवा मांडीत साठतंय. कटिभागाचं हाड मोडल्याची नुसती शंका आली तरी घडी केलेली चादर लगेच आवळा, पण मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यांवर. कमरेवर बांधलेली चादर काहीच करत नाही, आणि ही चूक फार होते. कटिभाग हलवून तपासू नका. धरलेली गुठळी सुटते.

श्वासमार्गासाठी सक्शन, जबडा पुढे ढकलणे, १५ लिटर ऑक्सिजन. मान मात्र हलू देऊ नका. एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही, दम लागलाय आणि बीपी कोसळतंय, तर एक्स-रेची वाट पाहू नका. प्रौढात पाचव्या बरगडी-फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, सुई घालून छातीत कोंडलेली हवा मोकळी करा. जाड छातीत सुई पोचत नाही किंवा मुडपते. मग छेद घेऊन बोटाने मोकळी करा आणि २८ ते ३२ फ्रेंचची नळी टाका. नळीतून एकदम १५०० मिलि रक्त आलं, तर तो रुग्ण शस्त्रक्रियेचा.

जीसीएस (शुद्धीचा ३ ते १५ असा गुणांक) ८ किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत नळी लागते, पण शॉकमधल्या (रक्त गेल्याने अवयवांना पुरेसं रक्त न पोचणाऱ्या) रुग्णाला घाईने भूल दिली की हृदय थांबू शकतं. भूल रक्तवाहिन्या सैल करते आणि दाबाने दिलेला श्वास हृदयाकडे येणारं रक्त अडवतो. शक्य असेल तिथे आधी रक्त सुरू करा. केटामाइन नेहमीच्या निम्म्या मात्रेत, ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलो.

आता सलाईन. ते ऑक्सिजन वाहून नेत नाही, रक्त गोठवणारे घटक पातळ करतं आणि थंड असेल तर गोठणं आणखी बिघडवतं. कोमट रिंगर लॅक्टेट २५० मिलिच्या हप्त्यांत, प्रौढाला एकूण १ लिटरपर्यंत. स्राव थांबेपर्यंत वरचं बीपी ८० ते ९० पुरे. डोक्याला मार असेल तर हा नियम लागू नाही. तिथे ११० च्या खाली जाऊ देऊ नका. तरुणाचं बीपी जवळपास तीस टक्के रक्त जाईपर्यंत टिकू शकतं, म्हणून नाडी बघा: ती वरच्या बीपीपेक्षा जास्त झाली तर धोका मोठा आहे.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (झालेली गुठळी विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम १०० मिलि सलाईनमध्ये १० मिनिटांत, नंतर १ ग्रॅम ८ तासांत. भराभर ढकललं तर बीपी पडतं. अपघातापासून ३ तासांच्या आतच सुरू करा. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत उशिरा दिलेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. क्रॉसमॅचचा (रक्त जुळवण्याचा) नमुना पहिल्याच सुईतून घ्या. गट कळेपर्यंत पुरुषांना ओ पॉझिटिव्ह चालतं. मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ओ निगेटिव्ह. पिशव्यांमधलं सायट्रेट कॅल्शियम खेचतं, त्यामुळे रक्त भराभर चढत असेल तर कॅल्शियमही द्या. ओले कपडे कापून काढा, ब्लँकेट घाला, पंखा बंद करा.

सर्जन किंवा रक्त इथे नसेल तर रेफरचा निर्णय पहिल्या १५ मिनिटांत घ्या. ज्याचा उपचार इथे होणार नाही, त्याचा सीटी इथे काढत बसू नका. पुढच्या डॉक्टरशी स्वतः फोनवर बोला. चिठ्ठीवर टूर्निकेची वेळ, ट्रॅनेक्सॅमिकची वेळ, दिलेलं द्रव आणि भूल देण्याआधीचा जीसीएस लिहा. एमएलसीसाठी (पोलिसांसाठीच्या मेडिको-लीगल नोंदीसाठी) उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नोंद उपचार सुरू असताना दुसऱ्या कुणीतरी करावी, आणि कापलेले कपडे त्यासाठी जपून ठेवावेत.