वटवाघूळ ओळखा, मगच फटाका हातात घ्या

कापूस पात्या-बोंडांवर आलाय, पेरूला रंग चढतोय. दिवेलागणीला बांधावरून पंख गेले की आपण सुतळी बॉम्ब शोधतो. पण उडणारं सगळंच पेरूवर टपलेलं नसतं.

जुन्या बारवेच्या कपारीतून, पडक्या वाड्यातून निघतं ते मुठीएवढं वटवाघूळ किडे खातं. आपल्या कानाला न ऐकू येणारा बारीक आवाज काढायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून काळोखात पतंग हेरायचा, अशी त्याची शिकार. सावज जवळ आलं की हा आवाज सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा निघतो. काही पतंगही वस्ताद. तो ऐकताच पंख मिटून खाली पडतात! बोंडअळीचे पतंगही रात्रीच उडतात, म्हणून बारव साफ करताना आत धूर करू नका. मात्र वटवाघळं आहेत म्हणून निर्धास्तही राहू नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हवेतच. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, तर फवारणीचा निर्णय घ्या.

वड-चिंचेवर दिवसा उलटं लटकलेलं मोठं वटवाघूळ ते फळखाऊ. त्याला प्रतिध्वनीची विद्या नाही. मोठे डोळे आणि तिखट नाक यांवरच त्याचं भागतं. पिकल्या पेरूचा वास त्याला आपल्याआधी लागतो. म्हणून फळ झाडावर पूर्ण पिकू देऊ नका, पडलेली फळं रोज उचला, फळांना पिशव्या घाला. सैल, बारीक नायलॉनची जाळी अंधारात त्याला दिसत नाही. त्याचा पंख म्हणजे लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी. ती अडकली की फाटते. जिच्या छिद्रात करंगळी शिरणार नाही अशी पांढरी जाळी, तीही ताणून, सांगाड्यावर बांधा. खर्च जास्त आहे, खरंय. पण फटाक्याला वटवाघळं चार दिवसांत सरावतात.

त्यांना मारायचा विचार तर सोडाच. वन्यजीव कायद्यातली उपद्रवी प्राण्यांची यादीच २०२२च्या दुरुस्तीत गेली. शिवाय मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे घटलेला थवा लवकर भरून निघत नाही.

उष्टं फळ पोरांना देऊ नका. ते खोल पुरा. वाड्यातली वाळलेली विष्ठा खत म्हणून उत्तम, पण भरताना आधी पाणी शिंपडा, नाका-तोंडाला मास्क लावा. जाळीत अडकलेलं वटवाघूळ उघड्या हाताने सोडवू नका, चावा घेतं. वनविभागाला १९२६ वर फोन लावा. चावलंच, तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.