कार्डाला हात लागल्यावर काय करायचं: गेम मास्टरसाठी

‘टेबलवर एक्स-कार्ड ठेवा, सेशन झिरो घ्या, बाकी आपोआप होतं.’ टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायच्या रोलप्लेइंग खेळात गोष्ट चालवणाऱ्या नव्या जीएमला, म्हणजे गेम मास्टरला, हा सल्ला उठसूट दिला जातो आणि तो अर्धवट आहे. एक्स-कार्ड म्हणजे नको तो प्रसंग थांबवण्यासाठी हात लावायचं कार्ड, आणि सेशन झिरो म्हणजे खेळ सुरू होण्याआधी मर्यादा ठरवायची बैठक. आपोआप काहीच होत नाही. कार्ड ठेवायला दोन सेकंद लागतात. कुणी त्याला हात लावल्यावर पुढचं अर्धं मिनिट जीएम कसा वागतो, हे बाकीचे खेळाडू बघत असतात आणि त्यावरूनच प्रत्येकजण मनाशी ठरवतो की आपली वेळ आली तर हात पुढे करायचा की मूग गिळून बसायचं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या अर्ध्या मिनिटाला दिली आहे. नियम येतात, साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, तयार आहे, खेळाडू जमलेत, एवढं मी धरून चालते.

निमंत्रणातच खरं सांगा. कथा कोणत्या धाटणीची, त्यात काय काय येणार, सेशन किती तासांचं, मध्ये सुट्टी कधी. चार ओळी पुरतात. भयकथा असेल तर ‘थोडी गूढ’ म्हणू नका, भयकथाच म्हणा.

मर्यादांची यादी लेखी घ्या. लाइन्स आणि व्हेल्स ही जोडी खेळ रचणाऱ्या रॉन एडवर्ड्स यांनी 2003 मध्ये मांडली, आणि मी अजूनही तीच वापरते. लाइन म्हणजे जे खेळात येणारच नाही: वर्णनात नाही, पार्श्वभूमीत नाही, कुणाच्या भूतकाळातही नाही. व्हेल म्हणजे जे गोष्टीत घडतं पण पडद्याआड. ‘सैनिक त्याला आत घेऊन गेले’ एवढंच म्हणायचं आणि थेट दुसऱ्या सकाळवर यायचं.

यादी सगळ्यांसमोर तोंडी विचारणं बंद करा. नुकती ओळख झालेल्या पाच जणांत ‘तुला कशाचा त्रास होतो?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘मला काहीही चालतं.’ फक्त तुम्हीच वाचणार असा फॉर्म द्या आणि त्यात कारणाचा रकाना ठेवू नका. विषय सुचत नसतील तर मॉन्टे कुक गेम्सने 2019 मध्ये मोफत दिलेल्या ‘कन्सेंट इन गेमिंग’ या पुस्तिकेत हिरवा-पिवळा-लाल अशी खुणा करायची तयार यादी आहे. सगळ्यांच्या नोंदी नावं काढून एकत्र करा, त्यात तुमच्या स्वतःच्याही मिसळा आणि ती एकच यादी वाचून दाखवा. त्यावर वाटाघाटी होत नाहीत. एखाद्याची लाइन नेमकी तुमच्या साहसाच्या गाभ्यावरच येत असेल, तर साहस बदला किंवा ‘हा खेळ तुझ्यासाठी नाही, पुढचा ठरवू तेव्हा तुला आधी विचारेन’ असं त्या खेळाडूला खेळ सुरू होण्याआधी एकट्याला सांगा. दोन्ही रस्ते सरळ आहेत. ‘बघू, आलंच तर सांभाळून घेऊ’ हा तिसरा रस्ता मात्र नाही.

मग यादी समोर ठेवून साहसाची पानं चाळा. यादीत कोळी आला असेल आणि तुमच्या गुहेत महाकाय कोळी असतील, तर आकडे तेच ठेवून प्राणी बदला. हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) तेच, विषारी दंश तोच, फक्त अंगावर कवच आलं आणि तो मोठा भुंगा झाला. जाळ्याच्या जागी चिकट लाळ. लढाईचा तोल तसूभरही हलत नाही. नकाशावर ठेवायच्या मूर्ती आणि चित्रंही बदला. नुसता शब्द चालतो पण चित्र अजिबात सहन होत नाही, असे खेळाडू बरेच असतात.

कार्ड. ही कल्पना जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांची, 2013 सालची. साध्या कागदावर फुली मारा आणि प्रत्येकाचा हात पोचेल असं मधोमध ठेवा. सांगायचं एवढंच: ‘नको ते आलं तर याला हात लावा, आपण ते काढून टाकू, कारण कुणी विचारणार नाही.’ यावर भाषण देऊ नका. पहिल्या सेशनमध्ये एखाद्या बारीकशा गोष्टीवर तुम्ही स्वतः ते वापरा. जीएमने वापरलेलं कार्ड बघितल्याशिवाय खेळाडू त्याला हात लावत नाहीत. ऑनलाइन खेळत असाल तर चॅटमध्ये एक्स हे अक्षर, तेही जीएमला खासगीत पाठवता आलं पाहिजे. त्या खासगी संदेशाचा आवाज चालू ठेवा, नाहीतर तो तुम्हाला सेशन संपल्यावर दिसेल.

आता ते अर्धं मिनिट. मला स्वतःला हाच टप्पा जमायला सगळ्यात उशीर लागला आणि याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं जातं.

समजा, चोराचं पात्र पकडलं गेलंय. तळघरात चौकशी चालू आहे, तुरुंगाधिकारी तुम्ही रंगवताय, आवाज खाली आणलाय, टेबल शांत आहे. पुजाऱ्याचं पात्र खेळणारी खेळाडू कार्डावर बोट ठेवते.

वाक्य अर्ध्यावर सोडा. ‘एवढं संपवतो आणि थांबतो’ असं करायचं नाही, कारण ते उरलेलं अर्धं वाक्यच तिला ऐकायचं नसतं. तुरुंगाधिकाऱ्याचा आवाज टाकून तुमच्या रोजच्या आवाजात या. नजर त्या खेळाडूवर रोखू नका, टेबलच्या मध्यावर किंवा आपल्या कागदांवर ठेवा. तुम्ही बघितलंत की सगळे तिच्याकडे बघतात. म्हणा: ‘थांबू. हे काढलं.’

पुढची अडचण अशी की ‘हे’ म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला कळलेलं नसतं. चौकशी? बांधलेले हात? अंधारी खोली? इथे बरेच जीएम अंदाज बांधतात, चुकीची गोष्ट काढतात आणि दोन मिनिटांनी तिला पुन्हा कार्डाकडे हात न्यावा लागतो. दुसऱ्यांदा हात न्यायचं बळ बहुतेकांत नसतं. म्हणून कळलं नसेल तर विचारा, पण ‘काय’ विचारा, ‘का’ कधीच विचारू नका. आणि तेही मोकळा प्रश्न टाकून विचारू नका, निवडायला पर्याय द्या: ‘शेवटचं वर्णन काढू, की हा सगळा प्रसंगच सोडून पुढे जाऊ?’ उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर मोठा पर्याय घ्या, सगळा प्रसंगच काढा. जास्त काढल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

काढायच्या रीती तीन. मागे जाऊन तो तुकडा वेगळ्या तऱ्हेने खेळायचा, मधलं सगळं ओलांडून पुढे जायचं, किंवा प्रसंग तोच ठेवून त्यातला एक घटक बदलायचा. बो शेल्डन यांच्या स्क्रिप्ट चेंज या साधनात व्हिडिओच्या बटणांसारखी रिवाइंड, फास्ट फॉरवर्ड आणि पॉज अशी कार्डंच आहेत. नुसती फुली अपुरी वाटते त्यांनी ती घ्यावीत. माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा पुढे जा. मागे जाऊन पुन्हा खेळायचं म्हटलं की तोच प्रसंग परत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो. वरच्या प्रसंगात मी म्हणेन: ‘पहाट झालीय. चोर तळघराच्या बाहेर आहे, हातात किल्ल्यांचा जुडगा. रात्री काय झालं ते आपण खेळणार नाही. अंगणाच्या त्या टोकाला पहारेकरी झोपलाय. चोर, काय करशील?’ शेवटचा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारा. कार्ड वापरणाऱ्या खेळाडूला लगेच बोलायला लावू नका.

फाशांचा हिशेब इथेच मिटवा. चौकशीत चोराने चांगला आकडा टाकून एखादं गुपित काढून घेतलं असेल तर ते त्याच्याकडेच राहील. हिट पॉइंट गेले असतील तर परत मिळतील. नकोसा प्रसंग जातो, कमाई राहते, आणि या नियमाला मी अपवाद करत नाही. कार्डामुळे एखाद्याचं नुकसान झालं की पुढच्या वेळी हात लावणाऱ्याला आधी त्याचा चेहरा आठवतो.

कुणी म्हणेल, ‘अरे, आत्ता कुठे रंगत येत होती.’ तिथेच, आवाज न चढवता तोडा: ‘ते झालं. पुढे.’ हसून सोडून दिलंत तर ज्याने बोट ठेवलं त्याला कळतं की आपण सगळ्यांच्या मजेवर विरजण घातलं. रंगत गेली म्हणणारा नंतरही कुरकुरत राहिला तर सेशन संपल्यावर एकट्याला गाठून स्पष्ट बोला. सुधारला नाही तर त्याला पुढच्या वेळी बोलावू नका. चांगला खेळतो म्हणून त्याला ठेवायचं आणि बाकीच्यांना सांभाळून घ्यायला सांगायचं, हे मी बऱ्याच टेबलांवर बघितलंय. तिथे शेवटी तो एकटाच उरतो.

लांबलचक माफी मागू नका. ‘सॉरी, मला खरंच कल्पना नव्हती, तू ठीक आहेस ना, नक्की ना?’ असं सुरू झालं की ज्याला त्रास झाला त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. सुट्टी हवीशी वाटली तर ती सगळ्यांना द्या, दहा मिनिटं, ‘पाय मोकळे करून या’ म्हणून. कार्ड वापरणाऱ्या खेळाडूच्या मागे बाहेर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी एक छोटा संदेश पाठवा: ‘काल थांबवलंस ते बरं केलंस. आणखी काही बदलायला हवं असेल तर सांग, नसेल तर उत्तर द्यायची गरज नाही.’

आणि कार्डाला कुणीच हात लावत नसेल तर सगळं आलबेल आहे असं समजू नका. बडबडा खेळाडू अचानक गप्प होतो, फासे हातातच घोळवत राहतो, तीनतीनदा ‘माझं पात्र मागेच थांबतं’ म्हणतो, फोन उलटा ठेवलेला असतो तो सुलटा होतो. हे दिसलं की कार्डाची वाट न बघता प्रसंग तुम्हीच गुंडाळा आणि पुढे चला. अंदाज चुकला तर फार तर एक प्रसंग लवकर संपेल.

टेबल सगळ्यांचं ठेवा. घडीच्या पाटीवर पात्राचं नाव लिहितो, त्याखाली एक ओळ वाढवा: खेळाडूला ‘गेलास’ म्हणायचं की ‘गेलीस’, आणि पात्राला काय. दोन्ही वेगळी असू शकतात. आपल्या भाषेत क्रियापदातच लिंग उघडं पडतं, त्यामुळे दर वाक्याला चूक व्हायची सोय असते. माहीत नसेल तर ‘काय करतोस’ ऐवजी ‘काय करशील’ म्हणा, ते कुणालाही लागू पडतं. चुकलात तर दुरुस्त करून तेच वाक्य पुढे न्या.

पात्राला अपंगत्व असेल तर कथेत जादूने ते ‘बरं’ करून टाकू नका, खेळाडूने स्वतः मागितलं तरच करा. सारा थॉम्पसन यांनी 2020 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी लढाऊ व्हीलचेअरचे नियम मोफत दिले. ती खुर्ची घेऊन तळघरात उतरायचं कसं, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी विचारते की तुमच्या तळघरात ड्रॅगन कुठल्या दारातून आला.

खेळाडूंच्या गरजाही विचारा. मोठ्या अक्षरातली कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद), गडद रंगावर पांढरे आकडे असलेले फासे, बेरीज करून देणारं अ‍ॅप. हे सगळं आधीच टेबलवर असू द्या, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही. आणि लढाई नसतानाही पाळीपाळीने विचारत जा. मोठ्याने बोलणाऱ्यांच्या गर्दीत हळू बोलणाऱ्याची चाल तासभर राहून जाते.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. ल्यू क्वेड यांची स्टार्स अँड विशेस ही पद्धत सोपी आहे: प्रत्येकाने आज आवडलेली एक गोष्ट सांगायची आणि पुढे काय बघायला आवडेल ते एक सांगायचं. तक्रार करायला कचरणारी माणसंसुद्धा ‘पुढच्या वेळी तळघरं कमी असली तर आवडेल’ असं सहज म्हणून जातात. ते त्याच रात्री मर्यादांच्या यादीत लिहा आणि पुढच्या सेशनची तयारी ती यादी वाचूनच सुरू करा.