मल्टी-प्रोसेस वेल्डिंग मशीन: मोड बदलला, बाकीचं कोण बदलणार?

मिग (टॉर्चमधून सतत वायर येते), रॉड आणि लिफ्ट टिग (टॉर्चमध्ये टंगस्टनचं टोक असतं), ही वेल्डिंगची तिन्ही कामं करणारं छोटं इन्व्हर्टर मशीन आता ग्रिल-गेटच्या शेडमध्येही दिसतं. ‘मशीन बाद निघालं’ ही तक्रार आली की आधी केबल कुठे लावल्यात ते बघावं. पॅनलवर मोड बदलला म्हणून केबल, गॅस आणि वायर ढकलणारे रोलर आपोआप बदलत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ पोलॅरिटीचा, म्हणजे कोणती केबल प्लसला आणि कोणती मायनसला याचा. गॅसवर साधी भरीव वायर चालवताना टॉर्च प्लसला आणि अर्थ मायनसला. बिनगॅसची फ्लक्स कोअर वायर (आत फ्लक्स पावडर भरलेली पोकळ वायर) लावली की नेमकं उलटं: टॉर्च मायनसला. हे विसरलं की छर्रे उडतात, टाका वरवर बसतो आणि दोष वायरवर जातो. टिगमध्येही टॉर्च मायनसलाच. चुकून प्लसला लागली तर टंगस्टनचं टोक वितळून त्याचा गोळा होतो. ७०१८ जातीच्या रॉडला होल्डर प्लसला लावा. ६०१३ दोन्हीकडे चालतो, म्हणून त्याच्यावर शिकलेल्याला पोलॅरिटीची सवयच नसते.

गॅसचंही तसंच. लोखंडाच्या मिगला कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन-मिश्रण चालतं. टिगला मात्र शुद्ध आर्गॉनच. मिगचा सिलिंडर टिगला जोडला तर टंगस्टन काळं पडून जळतं. बऱ्याच लिफ्ट टिग टॉर्चला गॅसचा कॉक मुठीवरच असतो. काम संपल्यावर तो बंद केला नाही, तर सकाळी सिलिंडर रिकामा. मिगच्या टाक्यात बारीक भोकं पडत असतील तर गॅस वाढवण्याआधी पंखा बंद करून बघा. शेडमध्ये साधारण १० ते १५ लिटर प्रतिमिनिट पुरतो. उगाच वाढवला तर झोत गढुळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो.

वायर अडकत असेल तर रोलर पाहा. भरीव वायरला व्ही खाच, फ्लक्स कोअरला दातेरी, ॲल्युमिनियमला यू. दाब वाढवून प्रश्न सुटत नाही. पोकळ वायर चेपते आणि आत गुंता होतो.

ॲल्युमिनियमचं टिग करायचं म्हणून हे मशीन घेत असाल तर थांबा. त्याला एसी लागतो, आणि या छोट्या मशीनपैकी बहुतेकांत फक्त डीसी असतो. दुकानदार हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

रॉड चिकटतोय? ३.१५ मिमीच्या ६०१३ ला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. तेवढे ठेवूनही चिकटत असेल तर लांबलचक बारीक एक्स्टेन्शन आणि रंगावर लावलेला अर्थ क्लॅम्प तपासा.

मशीनवर लिहिलेलं ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ म्हणजे त्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटंच वेल्डिंग. मशीन जास्त तापल्याचा पिवळा दिवा लागला की मेन स्विच बंद करू नका. पंखा चालू राहिला तरच आतलं थंड होईल.

आणि रॉड मोडमध्ये होल्डर सतत जिवंत असतो, मिगसारखं ट्रिगर दाबावं लागत नाही. मोड बदलण्याआधी होल्डर आणि टॉर्च लोखंडी टेबलावरून बाजूला ठेवा.